मार्गितसिस्टरचे एकोणीस तास

मुलांनो, चला, आपण मिळून एक खोली उभी करू. भिंती तुम्ही उभारा. मिरजेच्या वाचनालयातली खोली आहे, तेव्हा दगडी आणि जाडजूड असू द्यात. छताला पंखा लावा, पण आवाज न करणारा. गोष्ट अजून वीस-बावीस वर्षांनंतरची आहे आणि तोवर पंखे तरी सुधारलेले असतील. मधोमध उभ्या माणसाएवढी एक पेटी ठेवा, पुढून काचेची. त्या काचेत एक म्हातारी बसवा: गोरी, सुरकुतलेली, पांढऱ्या साडीतली. तिच्या डाव्या हातावर निळसर आकडे गोंदलेले आहेत. ते तिनं हौसेनं गोंदवून घेतलेले नाहीत.

झाली खोली? आता दार उघडा आणि तस्नीमला आत येऊ द्या. वय बारा, इयत्ता सातवी, दप्तराचा एक पट्टा तुटलेला. दर बुधवारी शाळा सुटली की ती इथं येते आणि म्हातारीला म्हणते, "नानी, मी आले."

"ये बाळ," म्हातारी हसून म्हणते. "तुझीच वाट बघत होते."

ती वाट बघत नव्हती. तस्नीमच्या जन्माआधीच ती वारली होती.

तिचं नाव मार्गित. हंगेरी देशातली ज्यू मुलगी. १९४४ साली ती सोळा वर्षांची असताना नाझींनी तिच्या घरच्यांना गुरं नेणाऱ्या आगगाडीच्या वाघिणीत कोंबून आउशवित्झच्या छावणीत नेलं. त्या एका छावणीत दहा लाखांहून अधिक माणसं मारली गेली. त्यातली बहुतेक ज्यू होती, आणि ज्यू असणं हाच त्यांचा गुन्हा ठरवला होता. हे घडलेलं आहे, मुलांनो. याचे कागद आहेत, छायाचित्रं आहेत, मारणाऱ्यांचे कबुलीजबाब आहेत. मार्गित त्यातून वाचली, नर्स झाली, फिरत फिरत मिरजेला आली आणि इथल्या दवाखान्यात तीस वर्षं राबली. मराठी अशी बोलायची, की तिच्याशी भांडताना ही बाहेरची आहे हे पेशंट विसरून जायचे. शहाऐंशीव्या वर्षी तिनं आपली हकिकत वाचनालयासाठी रेकॉर्ड करून दिली. एकोणीस तास.

मग ती पेटीत बसून उत्तरं कशी देत होती? ते समजून घेऊ, अवघड नाही.

पहिली पायरी सोपी. तुम्ही प्रश्न विचारता, यंत्र एकोणीस तासांत शोधतं आणि जवळचं उत्तर सापडलं की तेवढा तुकडा लावतं. पण पोरं काय वाटेल ते विचारतात. तुम्हाला मांजर आवडतं का? तुम्हाला परीक्षेची भीती वाटायची का? रेकॉर्डिंगमध्ये ते नसतं. म्हणून दुसरी पायरी आली. यंत्रानं तिची बोलण्याची ढब शिकून घेतली आणि तिच्या आवाजात नवी वाक्यं घडवायला सुरुवात केली. तिसरी पायरी सगळ्यांत हुशारीची. काचेच्या वर एक बारीक कॅमेरा होता. तो ऐकणाऱ्यांचे चेहरे वाचायचा: कोण कंटाळलं, कोण रमलं, कुणाच्या कपाळाला आठी पडली. चेहरे खुलले की यंत्र समजायचं, आपलं बरोबर चाललंय.

वर्गात पाढे म्हणताना तुमच्यातलाच कुणी गुरुजींच्या भुवयांकडे बघत म्हणतो ना, "सात त्रिक... बावीस?" भुवई वर गेली की लगेच, "नाही नाही, एकवीस!" उत्तर बरोबर आलं, पण पाढा कुणाला येत होता? त्याला की भुवईला? ही पेटी, साक्षपेटी म्हणायचे तिला, अगदी तशी होती. फरक एवढाच, की भुवया वर्गातल्या सगळ्या पोरांच्या होत्या आणि पाढा गुरुजी म्हणत होते.

या पेटीत तस्नीमच्या वडिलांचाही हात होता. दस्तगीर जमादार सतारी बनवायचे. सतारीच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीचा माथा केसाएवढा घासला की तारेचा आवाज बदलतो. त्याला जवारी काढणं म्हणतात. कुणाला खुला झणझणीत आवाज हवा असतो, कुणाला मिटलेला गोड. दस्तगीर गिऱ्हाईक म्हणेल तशी जवारी काढून द्यायचे. गावात त्यांच्यासारखा कान नव्हता. म्हणून पेटीच्या कंपनीची इंजिनियर ऋतुजा कोष्टी त्यांच्याकडे आली होती. "चाचा, खऱ्या आणि घडवलेल्या वाक्यांचा सांधा कानाला लागतो. तेवढा बुजवून द्या." दस्तगीरनी पाच महिने खपून असा बुजवला, की खुद्द ऋतुजाला कळेना कुठं काय जोडलंय. म्हातारीच्या आवाजातली खरखरही त्यांनी काढली. शेवटी कागदावर सही केली: आवाज अस्सल आहे.

सतारीला जे करायचं तेच त्यांनी केलं. चूक तीच होती.

त्या वर्षी तालुक्याच्या शाळा समितीनं एक वाद काढला. सातवीच्या पुस्तकात मार्गितसिस्टरचा धडा होता. तो ठेवायचा की काढायचा? समितीचे अध्यक्ष बापू आवटी द्राक्षबागायतदार होते आणि फोनवर येणारं सगळं वाचायचे. त्यांचं म्हणणं, या छावणीच्या गोष्टी फुगवलेल्या आहेत. ठरलं असं, की वाचनालयात सभा घ्यायची, पेटीलाच विचारायचं आणि ती सांगेल ते लिहून घ्यायचं.

सभेला चाळीस माणसं आली. एरवी एकमेकांच्या दारातला चहा न पिणारे लोक त्या दिवशी मांडीला मांडी लावून बसले होते आणि सगळ्यांच्या हाताच्या घड्या सारख्याच होत्या. वर्गाच्या वतीनं तस्नीमला पहिल्या रांगेत कोपऱ्यात बसवलं होतं.

आवटी उठले. "आजी, विषारी वायूनं माणसं मारली म्हणता. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं?"

"मी धूर पाहिला," म्हातारी म्हणाली.

"आमच्या वीटभट्टीचा पण धूर निघतो की!" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले, पण हसू कडवट होतं. कॅमेऱ्यानं चाळीस चेहरे वाचले.

"असेलही," म्हातारी सौम्यपणे म्हणाली. "छावणीच्या आसपास कारखाने होते."

चार-दोन माना डोलल्या.

"रोगराई फार होती. माणसं तिनंच गेली असतील."

आणखी माना डोलल्या. आवटींच्या घड्या सुटल्या. म्हातारीचा चेहरा उजळला.

"मी लहान होते हो. यातलं बरंचसं मी नंतर ऐकलेलं. लोक सांगतात ते सगळंच काही खरं नसतं."

"लिहून घ्या, शब्दन् शब्द," आवटी कारकुनाला म्हणाले.

तस्नीम ताडकन उठली. "खोटं आहे! असं ती कधीच म्हणाली नाही! मागच्या बुधवारी मला वेगळंच सांगितलं तिनं!"

"ए पोरी, पेटी बोलती का तू? बस खाली."

"दस्तगीरची लेक ना गं तू? तुला ज्यूंचा एवढा पुळका कशाला?"

"घरी चल, तुझ्या अम्मीलाच सांगतो," हे तिच्याच गल्लीतल्या एकानं म्हटलं, आणि ते तिला जास्त लागलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पेटीनं तेही वाचलं. म्हातारी तिच्याकडे वळून मायेनं म्हणाली, "रडू नको बाळ. तू म्हणतेस तेही अगदी बरोबर आहे हं."

सभा खो खो हसली. नुसती हसली नाही, टाळ्या पिटल्या.

"दस्तगीरभाई," आवटी हसू पुसत म्हणाले, "सही तुमचीच आहे की कागदावर. सांगा, आवाज अस्सल का नकली?"

दस्तगीर खांबाला टेकून उभे होते. चाळीस माणसं वळून त्यांच्याकडे बघत होती. पोरगी बघत होती.

"आवाज अस्सल आहे," ते म्हणाले.

धड्याचा निर्णय होण्याआधी ऋतुजानं समितीकडून कशीबशी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी तस्नीमला वाचनालयात बोलावलं. तिला स्वतःलाही सभा झोंबली होती. "हे बघ, यंत्र बिघडलेलं नाही. खोलीभर चिडके चेहरे होते, म्हणून ते तिकडं झुकलं. पुढच्या वेळी तुला काचेला खेटून बसवते. कॅमेऱ्यात फक्त तू. मग बघ, आजी कशी खणखणीत सांगेल."

तस्नीमला हे पटलं. ऋतुजा खाली तारा तपासायला गेली तेव्हा ती काचेला खेटून बसली, चेहरा गंभीर केला आणि विचारलं, "नानी, माणसं खरंच मारली ना?"

"हो बाळ. लाखो."

तस्नीमला हायसं वाटलं. मग तिच्या मनात काय आलं कोण जाणे. तिनं तोच प्रश्न उलटा विचारला आणि विचारताना गोड हसून मान डोलावली. "नानी, तसं काही झालंच नव्हतं ना?"

"नाही गं बाळ," म्हातारीही हसली. "तसं काही नव्हतं."

तस्नीम खुर्चीत मागं सरकली. तिनं आणखी एक करून पाहिलं. "तुझ्या भावाला काय आवडायचं?"

"सतार," म्हातारी लगेच म्हणाली. "तुझ्या अब्बांसारखी."

१९४४ साली हंगेरीतल्या खेड्यात सतार! म्हणजे बुधवारची नानी, तिची वाट बघणारी, परीक्षेच्या आदल्या दिवशी धीर देणारी, ती तस्नीमच्याच चेहऱ्यावरून आणि बोलण्यावरून उतरवून घेतलेली होती. ऋतुजा परत आली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

दस्तगीर दुकानात घोडी घासत बसले होते. तस्नीम उंबऱ्यातच उभी राहिली.

"अब्बा, पेटीतलं तिचं किती आहे?"

कानस थांबली. "पाचात एक वाक्य."

"आणि चारांचं काय?"

"ती कंपनीची. मी फक्त सांधे बुजवले."

"मग सही का केली?"

"मी आवाजावर सही केली. शब्दांवर नाही."

"सभेनं शब्दांवर धरली! तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही गप्प बसलात. भित्रे आहात तुम्ही."

"जबान सांभाळ, तसू!" दस्तगीरनी कानस आपटली. "चार बुकं शिकलीस म्हणून बापाला शहाणपण शिकवतीस? मी जवारी काढतो, न्यायनिवाडा करत नाही. गिऱ्हाईक म्हणालं गोड कर, मी गोड केला."

"ती सतार होती का?"

दस्तगीरनी हातातली घोडी खाली ठेवली. मग उठले, फळीवरून कानाला लावायचं यंत्र काढलं आणि तिच्या पुढ्यात टाकलं. काम करताना त्यांच्याकडे मूळ रेकॉर्डिंगची प्रत होती.

"ऐकायचंय? ऐक. एकोणीस तास आहेत. पण ती तुझी नानी नाही, सांगून ठेवतो. खडूस बाई होती. आणि रडू आलं तर माझ्याकडं येऊ नको."

रेकॉर्डिंगमधला पहिला आवाज चमच्याचा होता. मग एक घोगरा, खरखरीत, चिडका आवाज आला.

"सुरू झालं? मग तो चहा खाली ठेव. मी बोलताना भुरके ऐकायचे नाहीत मला."

मुलाखत घेणारा तरुण काहीतरी पुटपुटला.

"आणि डोळ्यांत पाणी आणायचं नाही. तुझं पाणी आलं की मला तुझी समजूत काढत बसावं लागतं आणि माझं सांगायचं राहून जातं. मी आयुष्यभर लोकांची समजूत काढली आहे. आता नाही."

तस्नीमला ती मुळीच आवडली नाही. शाळा सुटली की ती दुकानाच्या कोपऱ्यात बसायची आणि म्हातारी तिला कंटाळा आणायची. भाकरीच्या तुकड्याबद्दल अर्धा तास. बुटांबद्दल पाऊण तास. मध्येच चार चार मिनिटं नुसता श्वास. पेटीनं हे सगळं गाळून टाकलं होतं.

सातव्या तासाला छावणीचा फलाट आला.

"तीन दिवसांनी वाघिणीचं दार उघडलं. पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातला एक कैदी सामान उतरवत होता. माझा भाऊ लाची तेरा वर्षांचा, अंगानं थोराड. त्याच्या कानात तो कैदी पुटपुटला, 'सोळा वय सांग, पुरुषांच्या रांगेत जा. कामाला ठेवतील, जगशील.' लाचीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, 'आई एकटी आहे. तू तिच्याबरोबर थांब.' तो थांबला. माझं ऐकायचा तो. पुढं एका अधिकाऱ्यानं बोट हलवलं. आई आणि लाची डावीकडं. मी उजवीकडं."

लांबलचक श्वास.

"राग आला माझा? येऊ दे. उठून जायचं तर दार तिकडं आहे."

तस्नीमनं यंत्र कानावरून ओढून काढलं. "तिनं पाठवलं त्याला, अब्बा! तिनंच!"

दस्तगीर मान खाली घालून म्हणाले, "हे ऐकल्यावर पोरं पुन्हा पेटीकडं फिरकत नव्हती. म्हणून ऋतुजाबाईंनी ते काढलं. त्या जागी 'भाऊ गर्दीत हरवला' असं घातलं. तो सांधा मी बुजवला. सगळ्यांत अवघड गेला तो. तिथं तिचा आवाज... कशातच बसत नव्हता."

तीन दिवस तस्नीम दुकानात गेली नाही. वडिलांशी बोलली नाही, बुधवारी वाचनालयातही गेली नाही. चौथ्या दिवशी ती आली, रेकॉर्डिंग जिथं सोडलं होतं त्याच्या थोडं मागं नेलं आणि पुन्हा यंत्र कानाला लावलं. पुढं त्या तरुणानंही आवटींचाच प्रश्न विचारला होता, भीत भीत: तुम्ही स्वतः पाहिलंत का?

"नाही," म्हातारी म्हणाली. "आत काय झालं ते मी पाहिलं नाही. ज्यांनी पाहिलं ते सांगायला परत आले नाहीत. मला माहीत आहे तेवढं सांगते. संध्याकाळी मी एका जुन्या कैदी बाईला विचारलं, माझी आई कुठं आहे? तिनं धुराड्याकडं बोट केलं. आई आणि लाची मला पुन्हा दिसले नाहीत. बस्. याच्यापुढं एक शब्द मी घालणार नाही, आणि तूही घालायचा नाहीस. कमीही करायचा नाहीस. कळलं?"

"कळलं," तस्नीम दुकानात मोठ्यानं म्हणाली. दस्तगीरनी वर पाहिलं. त्यांनी त्या दिवशी पुन्हा कानस हातात घेतली नाही.

दुसऱ्या सभेला साठ माणसं होती. बातमी पसरली होती आणि लोक तमाशा बघायच्या तयारीनं आले होते. सुरुवातीलाच दस्तगीर उठले.

"माझी सही मी मागं घेतो. या पेटीत पाचात एक वाक्य सिस्टरचं आहे. बाकीची घडवलेली. सांधे मी बुजवलेत."

"आता आठवलं व्हय?" कुणीतरी ओरडलं. "पोरीनं बापाला नाचवला रे!"

"यांच्या सतारी पण तपासून घ्या, लाकडाच्या आहेत का पुठ्ठ्याच्या!"

दस्तगीरचा चेहरा काळवंडला. सतारीवर आयुष्यात त्यांना कुणी बोललं नव्हतं. पण ते खाली बसले नाहीत.

ऋतुजा घाईनं पुढं झाली. तिनं खुर्ची काचेला खेटून ठेवली आणि तस्नीमला हलकेच म्हणाली, "बस ना. तू नीट बघत राहा, बाकी ती बघेल. धडा पुस्तकात राहील गं."

काचेत म्हातारी हसली. "ये बाळ. विचार."

तस्नीमनं तिच्याकडे पाहिलं. तस्नीम नुसती हसली असती तरी काम झालं असतं, रडली असती तरी झालं असतं.

"ऋतुजाताई, बंद करा पेटी."

"अगं, पण..."

"हिला मी काहीही म्हणायला लावू शकते. ते पण म्हणायला लावू शकतात."

काच काळी झाली. तस्नीमनं ओढणीच्या पदरातून छोटं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि त्याला वाचनालयाचा कर्णा जोडला.

"हे काय आता?" आवटींनी विचारलं.

"खरं रेकॉर्डिंग. एकोणीस तास."

"एकोणीस तास?" सभेत हशा आणि शिव्या एकदमच उठल्या. काही माणसं तिथंच उठून चपला शोधायला लागली.

"तू असं कर," आवटी म्हणाले. "माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे तेवढं लाव, आम्ही ऐकतो. दोन मिनिटांचं काम."

"नाही. पहिल्यापासून."

"अगं, हितं कामधंदे सोडून कोण बसणार एवढा वेळ? कोण ऐकणार?"

काचेला खेटलेली ती खुर्ची तस्नीमनं ओढत टेबलाजवळ आणली, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि ऐकायला बसली.